फिजीच्या शाळेत जायचंय? मग आधी अर्धा वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवा

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, रत्नागिरी जिल्ह्यातली, आता लेकाकडे ऑकलंडला असते. आमचा इथला सहा-सात मराठी बायकांचा ग्रुप आहे आणि आम्ही आतापर्यंत तीनदा फिजीला शाळांमध्ये जाऊन आलोय, लेझीम, झिम्मा, वारली, खो-खो असं सगळं घेऊन. आता बऱ्याच जणी विचारतात की आम्हाला पण जायचंय, काय करायचं, कुणाला विचारायचं, काय न्यायचं, म्हणून हे सगळं एकदाच नीट लिहून काढते.

आधी पहिल्या वेळी काय चुकलं ते सांगते, कारण माझ्या मते बाकी सगळं शिकण्यासारखं त्यातच आहे. आम्ही दोन तासांचा कार्यक्रम बसवून नेला होता, एकेक मिनिट भरलेलं. लेझीम झाली, मग रांगोळी, मग नऊवारी नेसवून दाखवली, गणपतीची गोष्ट सांगितली, मुलं खूश, आम्ही त्याहून खूश. आणि शेवटी लक्षात आलं की वर्गाच्या मागच्या बाजूला चौथी-पाचवीतल्या वीसेक मुली पानांचे झालर लावलेले पोशाख घालून, गळ्यात फुलं, हाताला पानं बांधून भिंतीच्या सावलीत बसून आहेत, केव्हापासून. त्यांनी आमच्यासाठी मेके बसवला होता, म्हणजे त्यांचा गाणं आणि नाच एकत्र असलेला पारंपरिक प्रकार, तीन आठवडे रोज शाळा सुटल्यावर सराव केला होता. आणि तेवढ्यात मुलांना न्यायची बस आली. ती लांबच्या वाड्यांवरची मुलं, बस सुटली तर घरी जायला दुसरं काही नाही. मेके झालाच नाही. एका मुलीने बसमध्ये चढताना हातातली पानं सोडून पायरीवर ठेवली, ते अजून डोळ्यासमोर आहे माझ्या. कुणीही आम्हाला एका शब्दाने बोललं नाही, हेडटीचरबाई हसून वीनाका वीनाका, म्हणजे धन्यवाद, म्हणाल्या, पण मला रात्री झोप लागली नाही.

तर पहिला नियम, जेवढा वेळ शाळेने दिलाय त्याचा निम्मा त्यांचा. आणि त्यांचा कार्यक्रम आधी. आमचा नंतर. आपला राहिला तर राहिला.

आता परवानगीचं. फिजीत बहुतेक शाळा सरकारच्या मालकीच्या नसतात, गावच्या कमिट्या, चर्च, आर्य समाज, सनातन सभा, दक्षिण भारतीयांचा संगम, मुस्लिम संस्था अशा चालवतात आणि शिक्षकांचा पगार सरकार देतं. म्हणजे विचारायचं तीन ठिकाणी असतं, हेडटीचर, शाळेची मॅनेजमेंट कमिटी आणि शिक्षण खातं. सुरुवात हेडटीचरपासून करा, पुढचं ते सांगतात. निदान तीन महिने आधी पत्र पाठवा, साधं एक पान, कोण येतोय, किती जण, काय करणार, किती वेळ, पैसे मागणार नाही आणि धर्मप्रचार करणार नाही हे स्पष्ट. सोबत पोलीस क्लिअरन्स जोडा, लहान मुलांमध्ये जाताय तर ते आपणहून द्यावं, मागायची वेळ येऊ देऊ नये. आणि व्हिसाचं वेगळं बघा, फिरायला म्हणून आत शिरणं आणि शाळेत जाऊन काही शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एका दिवसाची भेट असली तरी तिकीट काढायच्या आधी त्यांच्या इमिग्रेशनला लिहून विचारा आणि उत्तर प्रिंट काढून जवळ ठेवा.

तारीख ठरवताना त्यांचं शाळेचं वर्ष बघा. आपल्यासारखं जूनला नाही सुरू होत, जानेवारीच्या शेवटी सुरू होऊन डिसेंबरच्या सुरुवातीला संपतं, तीन टर्म. तिसऱ्या टर्ममध्ये परीक्षा, तेव्हा जाऊ नका. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा हंगाम, २०१६ च्या फेब्रुवारीत विन्स्टन वादळ आलं त्यात ४४ माणसं गेली आणि कितीतरी शाळांची छपरं उडाली, तर त्या दिवसांत शाळांना आपल्या पाहुणचाराचा भार नको. सगळ्यात चांगली दुसरी टर्म, मे ते ऑगस्ट, हवा कोरडी, मुलं रुळलेली, शिक्षकांना थोडी उसंत. रविवारी तर गावात कुणाकडे जायचं ठरवूच नका, तो दिवस चर्चचा आणि घरच्यांचा.

कुठल्या शाळेत जायचं? देशात ३०० च्या वर बेटं आहेत, शंभराच्या आसपास बेटांवर वस्ती. लोकांना वाटतं लांबच्या छोट्या बेटावरच गेलं पाहिजे. माझं मत, पहिल्या खेपेला वीती लेवू या मुख्य बेटावरच राहा, नांदी विमानतळापासून दोन-तीन तासांत बसने पोचता येईल अशी शाळा बघा. यासावासारख्या बेटांवर बोटीने जावं लागतं, समुद्र खवळला की बोट नाही, मग शाळा तुमची वाट बघत बसते. आम्ही सिंगातोका नदीच्या काठावरच्या एका गावातल्या शाळेत जातो. त्या खोऱ्याला फिजीचं सॅलड बाउल म्हणतात, भाजीपाला सगळा तिथून येतो, मला तर पहिल्यांदा बघून आमच्याकडच्या नदीकाठच्या मळ्यांचीच आठवण आली.

नावं कशी वाचायची ते आधी शिका, नाहीतर पत्ताही चुकेल. त्यांची लिपी रोमन, पण अक्षरांचा उच्चार आपला आपण वाचून कळत नाही. १८३५ मध्ये आलेल्या मेथडिस्ट मिशनऱ्यांनी, त्यात डेव्हिड कारगिल मुख्य, ती लिपी बसवली आणि एका आवाजाला एक अक्षर असा हिशोब ठेवला. म्हणून डी लिहिलेला असतो पण उच्चार न्द, बी लिहिलेला पण उच्चार म्ब, जी म्हणजे आपला ङ, क्यू म्हणजे ङ्ग, आणि सी म्हणजे जीभ दातांना लावून म्हटलेला मऊ द. म्हणून नकाशावर नाडी दिसतं ते नांदी, सिगाटोका दिसतं ते सिंगातोका, आणि निरोपाचा शब्द मोचे दिसतो तो मोदे. आपल्या मराठी जिभेला हे सगळे आवाज सोपे आहेत, ङ आणि न्द आपल्याकडे आहेतच, दोन दिवस सराव केला तर तिथली माणसं चकित होतात. न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला इथे फिजी भाषा सप्ताह असतो त्याच्या कार्यक्रमांना जरूर जावं.

एवढे शब्द पाठ करा. बुला म्हणजे नमस्कार, वीनाका म्हणजे धन्यवाद, वीनाका वाकालेवू म्हणजे खूप धन्यवाद, केरेकेरे म्हणजे कृपया, सेंगा ना लेंग्गा म्हणजे काही हरकत नाही. आणि तुलोऊ. हा शब्द मला सगळ्यात आवडतो, बसलेल्या माणसासमोरून जायचं असेल किंवा त्याच्या डोक्यावरच्या फळीवरचं काही काढायचं असेल तर थोडं वाकून तुलोऊ म्हणायचं. आमची आजी वडीलधाऱ्यांसमोरून जाताना पदर सावरून वाकून जायची, अगदी तसंच.

आता सेवूसेवू. हे नीट वाचा कारण याशिवाय गावातल्या शाळेत पाय टाकणं म्हणजे उंबरठ्यावर न विचारता घुसण्यासारखं आहे. सेवूसेवू म्हणजे यंगोनाच्या मुळ्यांची जुडी गावच्या प्रमुखाला किंवा त्याच्या वतीने जो असेल त्याला भेट देऊन आत येण्याची परवानगी मागणं. यंगोना म्हणजेच कावा, मिरीच्या कुळातलं झुडूप, त्याच्या मुळांची पूड पाण्यात कालवून पितात. बाजारात मुळ्या मिळतात त्यांना वाका म्हणतात, पूड पण मिळते पण भेट द्यायला मुळ्यांची जुडीच न्या, साधारण अर्धा किलो, वर्तमानपत्रात गुंडाळून रिबीन बांधून देतात. नांदी, लौतोका, सुवा सगळ्या भाजीबाजारांत मिळते, भाव वरखाली होतो म्हणून हॉटेलवाल्याला विचारून जा. शाळा गावाच्या हद्दीत असेल तर आधी गावात सेवूसेवू, मग शाळेत. तुमच्या वतीने बोलायला एखाद्या स्थानिक शिक्षकाला विनंती करा, तिथे प्रमुखाशी थेट कुणीही बोलत नाही, बोलणारा माणूस ठरलेला असतो.

आम्ही गेलो तो दिवस सांगते. चटई पसरलेली मोठी खोली, चपला बाहेर, आम्ही सगळ्या सुलू गुंडाळून, म्हणजे लुंगीसारखं कापड, गुडघ्याखालीपर्यंत. टोपी आणि गॉगल गावाच्या वेशीवरच काढून पिशवीत, आणि पिशवी खांद्याला नाही, हातात. पाय पसरून बसायचं नाही, तळवा कुणाकडे करायचा नाही, बायका पाय एका बाजूला दुमडून बसतात. आमच्यासोबतच्या गुरुजींनी जुडी समोर ठेवली, खाली मान घालून पाचेक मिनिटं बोलले, समोरच्या म्हाताऱ्या आजोबांनी जुडीला हात लावला, बाकीच्यांनी हाताची ओंजळ करून टाळ्या वाजवल्या, खोल आवाज येतो त्याचा, आपल्या टाळीसारखा टणक नाही. मग तानोआ म्हणजे लाकडी चार-सहा पायांचं मोठं भांडं, त्यात यंगोना कालवला, आणि नारळाच्या करवंटीतून, तिला बिलो म्हणतात, एकेकाला दिला. आपली पाळी आली की एक टाळी, बुला म्हणायचं, एका दमात प्यायचं, करवंटी परत द्यायची, मग तीन टाळ्या. चव मातीची, जीभ आणि ओठ थोडे बधिर होतात, त्याने घाबरू नका. नको असेल तर आधी गुरुजींना सांगून ठेवा, किंवा अर्धी करवंटी मागा, लो टाईड म्हटलं की थोडाच देतात, हाय टाईड म्हणजे भरून. औषधं चालू असतील, लिव्हरचा त्रास असेल, गरोदर असाल तर पिऊ नका, स्पष्ट सांगा, कुणी राग मानत नाही.

हे झालं की तुम्ही पाहुणे नाही राहात, तुमची जबाबदारी गावाची होते. पुढे मुलं रस्त्यात दिसली की हाक मारतात.

वर्गात काय करायचं हा खरा प्रश्न. आधी काय करायचं नाही ते. भारत म्हणजे काय, ताजमहाल, हत्ती, नकाशा असलं प्रेझेंटेशन नको. फिजीत भारत कुणाला सांगायला लागत नाही. १४ मे १८७९ ला लिओनिडास नावाचं जहाज कलकत्त्याहून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, घेऊन आलं, ४९८ निघाले होते, वाटेत कॉलरा आणि देवीने माणसं गेली आणि ४६३ उतरले. त्यानंतर १९१६ पर्यंत साधारण ६०,००० माणसं उसाच्या मळ्यांवर आली. आज त्यांची पाचवी-सहावी पिढी तिथे आहे, दिवाळीला सगळ्या देशाला सुट्टी असते, आणि २०२३ पासून मे महिन्यात गिरमिट दिवसाची पण सुट्टी. शाळेत अर्धी मुलं भारतीय वंशाची असू शकतात आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्या इतौकेई मुलांनाही, म्हणजे मूळ फिजियन मुलांना, रोटी, डाळ, हिंदी गाणी सगळं माहीत असतं. ती जहाजं कलकत्ता आणि नंतर मद्रासहून सुटली म्हणून आपली मराठी माणसं त्यांच्यात फारशी नव्हती, आपली मुंबईमार्गे मॉरिशसला गेली. म्हणून लेझीम, झिम्मा, वारली हे तिथे खरोखर नवीन असतं, तेच न्या.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. त्यांच्या हिंदीला चुकीची हिंदी म्हणू नका. फिजी हिंदी ही अवधी, भोजपुरी आणि आजूबाजूच्या बोलींतून त्या उसाच्या मळ्यांवरच्या लायनींत, म्हणजे मजुरांच्या चाळींत, तयार झालेली स्वतंत्र भाषा आहे, तिच्यात फिजियन आणि इंग्रजी शब्द मिसळलेत, तलानोआ म्हणजे गप्पा हा शब्द तर सर्रास. २०१३ च्या राज्यघटनेत लिहिलंय की प्राथमिक शाळेत इतौकेई आणि फिजी हिंदी दोन्ही बोलीभाषा सक्तीने शिकवायच्या. आमच्यातल्या एका बाईंनी पहिल्या वर्षी एका मुलाचं लिंगवचन सुधारलं, शिक्षिकेच्या सवयीने, मनात काही वाईट नव्हतं, पण तो मुलगा पुढचा तासभर बोललाच नाही. मालवणी बोलणाऱ्या मुलाला पुण्याच्या बाईने वर्गात टोकलं तर कसं वाटेल तसंच ते. त्याचप्रमाणे तुमचं मूळ गाव कुठलं, तुम्ही भारतात परत येत नाही का हे विचारू नका, त्यांचं गाव फिजीतच आहे. आणि जमीन, निवडणुका, १९८७ आणि २००० चे सत्तापालट हे विषय पाहुण्याने काढायचेच नाहीत.

आता जमलेल्या गोष्टी. सगळ्यात पहिली, आकडे. दहा मिनिटांत वर्ग मोकळा होतो. त्यांचे आकडे असे, न्दुआ, रुआ, तोलू, वा, लिमा, ओनो, वितू, वालू, दिवा, तिनी. आता बघा, त्यांचा नऊ म्हणजे दिवा आणि दहा म्हणजे तिनी, आणि सात म्हणजे वितू, आपल्या विठूसारखा! फळ्यावर दोन रकाने केले, एका बाजूला मराठी, एका बाजूला फिजियन, आणि मी सांगितलं की आमच्याकडे दिवा म्हणजे पेटवतात तो दिवा. मग एका मुलाने उठून नऊ बोटं वर केली आणि मेणबत्तीसारखी फुंकर मारली. सगळा वर्ग हसला, मी पण. त्यानंतर दिवसभर मुलं दिवा म्हटलं की नऊ बोटं दाखवून फुंकर मारत होती.

खेळ म्हणाल तर लगोरी आणि खो-खो. लगोरीला दगड शोधत बसू नका, नारळाच्या करवंट्या उपड्या एकावर एक ठेवा, सात, मस्त रचतात आणि पडताना आवाज पण छान येतो, बॉल त्यांच्याकडे असतोच. खो-खोला काही साहित्यच लागत नाही, दोन खांब हवेत ते बांबूचे पुरतात. फिजीची मुलं रग्बीत वाढलेली असतात, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सेव्हन्स रग्बीत सुवर्ण मिळालं ते त्या देशाचं पहिलंच ऑलिंपिक पदक, मग टोकियोत पुन्हा सुवर्ण, त्यामुळे हुलकावणी देणं त्यांच्या अंगात आहे. पण खो मिळाला की एकाच दिशेने पळायचं, मधल्या रांगेतून आरपार जायचं नाही, हा नियम त्यांना आधी नीट चालून दाखवा, पळून नाही. आम्ही घाई केली आणि दोन मुलं एकमेकांवर आपटली, लागलं नाही पण तेव्हापासून आधी चालत एक डाव घेतो.

झिम्मा आणि फुगडी मेकेच्या नंतर घ्या. त्यांचा बसून करायचा मेके असतो, वाकामालोलो, मुली रांगेत मांडी घालून बसतात आणि नुसत्या हातांनी, खांद्यांनी, मानेने गोष्ट सांगतात. तो झाला की आपण म्हणायचं, आता आमच्या बायकांचा असा. झिम्म्याला टाळीचा ठेका आहे, त्यांच्याकडे पण टाळीला फार महत्त्व, लगेच पकडतात. लेझीम मात्र फक्त बारा-पंधरा न्या, जास्त नको, गट पाडून आळीपाळीने द्या. लाकूड असतं म्हणून विमानतळावर बायोसिक्युरिटीला आपणहून दाखवा, आमच्या प्रत्येक वेळी उघडून बघितल्या आणि सुकं पॉलिश केलेलं लाकूड बघून परत दिल्या. लपवू मात्र काहीच नका. बिया, मसाले, मध, फुलं, सुकी पानं, गोमूत्र-भस्म असलं पूजेचं सामान काहीही नेऊ नका. रांगोळीसुद्धा नेत नाही आम्ही, तिथे रंगीत खडू मिळतात आणि समुद्राजवळची शाळा असेल तर पांढरी वाळू. ओल्या काळ्या मातीवर पांढऱ्या वाळूने ठिपक्यांची रांगोळी इतकी सुंदर उठते.

वारलीबद्दल जरा जास्त लिहिते कारण सगळ्यात खोल देवाणघेवाण त्यातच झाली. त्यांच्याकडे मासी असतं, म्हणजे एका प्रकारच्या तुतीच्या झाडाची आतली साल भिजवून, कुटून कुटून, एकमेकांना जोडून केलेलं कापड, त्यावर काळ्या आणि तांबूस रंगात भौमितिक नक्षी. आपली वारली गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने. दोन्हीकडे तेच, माती आणि झाडातून आलेले दोन-तीन रंग, त्रिकोण आणि रेषा. आम्ही ब्राऊन पेपर आणि पांढरा पोस्टर कलर दिला, माणूस कसा काढायचा एवढंच दाखवलं, दोन त्रिकोण टोकाला टोक जुळवून, वर गोल डोकं, आणि सांगितलं की तुमचं गाव काढा. तारप्याभोवतीचा नाच दाखवला होता, पण मुलांनी तानोआभोवती गोल बसलेली माणसं काढली, नदीत होडी, रग्बी खेळणारी वारली माणसं, आणि एका मुलीने चर्च काढून दारात ओळीने चपला. मग गावातल्या एक आजी आल्या आणि मासीवरचे ठसे कसे उमटवतात ते आम्हाला शिकवलं, आम्ही खाली बसलो आणि मुलं आमच्या पाठीशी उभी राहून आमचे हात सुधारत होती. त्या वेळी शिक्षक ती मुलं होती. अशी वेळ कार्यक्रमात मुद्दाम ठेवा, की आपण शिकतोय आणि मुलं शिकवतायत.

जेवण. शाळेतल्या मुलांच्या आया बरेचदा दुपारचं करतात, नाही म्हणू नका. शाकाहारी असाल तर पत्रातच लिहा, आणि मासेसुद्धा नाही हे वेगळं लिहा, कारण भाजीत डब्यातले मासे घालायची पद्धत आहे. दालो म्हणजे अळूचा कांदा, उकडून, आणि रोऊरोऊ म्हणजे अळूचीच पानं लोलोत म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली. पहिला घास घेतला आणि मला घरचं अळूचं फदफदं आठवलं, फक्त चिंचगूळ आणि शेंगदाणे नाहीत. घसा खवखवू नये म्हणून तेही पानं खूप वेळ शिजवतात. तिथल्या भारतीय घरांत अळूवडी पण असते बरं का, त्याला सैना म्हणतात. जेवायच्या आधी प्रार्थना होते, ती संपेपर्यंत ताटाला हात लावू नका.

भेटवस्तूंचं. मुलांच्या हातात काही देऊ नका, चॉकलेटसुद्धा नाही, सगळं हेडटीचरकडे द्या. आणि काय हवंय ते आधी विचारा. आम्हाला वाटलं होतं वह्या-पेन्सिली, त्यांनी सांगितलं की प्लास्टिकच्या झाकणाच्या मोठ्या पेट्या हव्यात, कारण दमट हवेत आणि छप्पर गळलं की लायब्ररीची पुस्तकं भिजतात. आठ पेट्या सुवाच्या दुकानातून घेतल्या. जुने कपडे नेऊ नका. पुढच्या वर्षी येऊच असं मुलांना सांगू नका, नक्की असेल तरच सांगा, ती दिवस मोजतात.

फोटोला शाळेची लेखी परवानगी, आणि मुलांचे चेहरे, नावं, शाळेचं नाव फेसबुकवर टाकायचं नाही. कुठल्याही मुलाबरोबर एकट्याने थांबायचं नाही, नेहमी शिक्षक सोबत. लाडाने डोक्यावरून हात फिरवायची आपल्याला सवय असते, तिथे डोकं पवित्र मानतात, हात लावू नका, हा मोह मला फार आवरावा लागतो.

बारीकसारीक बाकीचं, मलेरिया नाही पण डेंग्यू असतो, डासांचं मलम ठेवा. प्रोजेक्टरच्या भरवशावर जाऊ नका. नऊवारीला पिना जास्त न्या. निघताना गळ्यात सालूसालू घालतात, फुलापानांची माळ, ती लगेच काढू नका, पण विमानात बसायच्या आधी तिथेच ठेवून या, न्यूझीलंडला ताजी फुलं घेऊन उतरलात आणि सांगितलं नाहीत तर जागेवर ४०० डॉलर दंड आहे.

परत आल्यावर महिनाभरात फोटो प्रिंट काढून पोस्टाने पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, वर्गाच्या भिंतीवर लावता येतील असे मोठे. दुसऱ्या वर्षी आम्ही पोचलो तेव्हा सगळ्यात आधी त्या मुलींचा मेके झाला, आम्ही चटईवर बसून बघितला, पूर्ण, चाळीस मिनिटं. आमची लेझीम त्या दिवशी दहाच मिनिटं झाली. या जुलैत पुन्हा जातोय, त्या मुली आता सातवी-आठवीत आहेत आणि त्यांनी पत्रात झिम्म्याचे बोल मागितलेत, रोमन अक्षरांत, त्यांच्या पद्धतीने. ते लिहायला बसलेय आता, न्द कुठे आणि द कुठे हे बघत बघत.